तोटाही नियमात बसवूनच करायचा: इंग्लिश फुटबॉलचा जमाखर्च

१७ नोव्हेंबर २०२३. शुक्रवार होता आणि प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश क्लबांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, त्या दिवशी एकही सामना नव्हता. तरीही एव्हर्टन चौदाव्या क्रमांकावरून थेट एकोणिसाव्यावर आलं, कारण १४ गुणांचे ४ झाले होते. गुन्हा मैदानावरचा नव्हता, वह्यांमधला होता. नियमाप्रमाणे तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा करायची मुभा होती आणि एव्हर्टनचा तोटा १२.४५ कोटी निघाला. वरच्या १.९५ कोटींसाठी स्वतंत्र आयोगाने १० गुण कापले. पुढे अपिलात त्याचे ६ झाले, आणि त्याच हंगामात नंतरच्या काळातल्या हिशेबासाठी आणखी २ गेले.

शनिवार-रविवारी रात्री जागून सामने बघणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना तेव्हापासून एक गोष्ट पटलेली नाही. तोटा क्लबचा, पैसा मालकाचा, मग शिक्षा कसली? आणि शिक्षाच द्यायची, तर हजार कोटी रुपयांहून जास्त तोटा माफ कसा?

उत्तर समजून घ्यायचं तर आधी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिला प्रश्न असा की शंभर-सव्वाशे वर्षं चाललेला क्लब उधळपट्टीने बुडू नये यासाठी काय करायचं. दुसरा असा की एखाद्या अब्जाधीशाने पैशाच्या जोरावर स्पर्धाच खिशात घालू नये यासाठी काय करायचं. इंग्लंडने गेली काही वर्षं या दोन्ही प्रश्नांना मिळून जवळपास एकच नियम लावला. मला यातली खरी अडचण इथेच दिसते. ज्यांचे गुण गाजावाजा होऊन कापले गेले आणि जे खरोखर रसातळाला गेले, त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर फारशा जुळत नाहीत.

वर पैसा, खाली आशा

इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर ९२ व्यावसायिक क्लब आहेत. २० प्रीमियर लीगमध्ये, आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू यांत प्रत्येकी २४. खालच्या या तीन लीगचा कारभार ईएफएल ही संस्था बघते. १९९२ साली वरचे क्लब टीव्हीचा पैसा स्वतःकडे ठेवण्यासाठी वेगळे झाले आणि प्रीमियर लीग जन्माला आली. तेव्हापासून वरची आणि खालची तफावत वाढतच गेली. आज प्रीमियर लीगमध्ये शेवटचा येणारा क्लबसुद्धा लीगकडून १० कोटी पौंडांहून जास्त घेऊन जातो. चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबला त्याचा साधारण दहावा हिस्सा मिळतो.

वरून खाली घसरलेल्यांना धक्का कमी बसावा म्हणून तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम मिळते: समान वाटपातल्या टीव्हीच्या पैशाच्या ५५ टक्के, मग ४५, मग २०. (वर एकच हंगाम काढून खाली आलेल्याला तिसरा हप्ता नाही.) यामागचा हेतू चांगला आहे, पण त्यामुळे चॅम्पियनशिपमध्येच दोन जाती तयार झाल्या. पॅराशूटवाल्यांशी बरोबरी करायची तर बाकीच्यांना खिशात नसलेला पैसा खर्चावा लागतो. कोविडच्या आधीच सलग काही वर्षं चॅम्पियनशिपमधल्या क्लबांचा पगारावरचा एकूण खर्च त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. म्हणजे वीज, गवत, बस, पोलीस बंदोबस्त वगैरे धरायच्या आधीच शंभरावर एकशे सहा-सात रुपये नुसते पगारात! कुठलाही कारखाना असा चालत नाही. इथे चालतो, कारण एकदा बढती मिळाली की सगळं भरून निघेल अशी प्रत्येकाला आशा असते, आणि दरवर्षी २४ पैकी तिघांनाच ती मिळते.

ऋण काढून सण साजरा करणाऱ्यांत लीड्स युनायटेडचं नाव आजही पहिलं घेतात. २००१ मध्ये ते चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत होते. त्याच काळात पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीवर त्यांनी ६ कोटी पौंड उचलले होते. संघ दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळणार, हे गृहीत धरून खर्च चालला होता. संघ खेळला नाही. २००४ मध्ये खालच्या लीगमध्ये गच्छंती झाली आणि २००७ मध्ये प्रशासक आले, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार मालकाकडून काढून तिऱ्हाइताकडे दिला गेला. पोर्ट्समथचं तर आणखी वाईट झालं. २००८ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडचा राष्ट्रीय चषक, जिंकलेला हा क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असतानाच प्रशासकाकडे गेला आणि ९ गुण गमावून बसला. तिथून घसरत २०१३ मध्ये चौथ्या पायरीवर पोचला. शेवटी चाहत्यांनीच वर्गणी काढून तो विकत घेतला.

पोर्ट्समथच्या देणेकऱ्यांत सेंट जॉन अँब्युलन्सही होती. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहणारी ही स्वयंसेवी संस्था. इंग्लिश फुटबॉलमध्ये एक जुना नियम आहे. क्लब प्रशासकाकडून बाहेर पडताना ‘फुटबॉलची देणी’, म्हणजे खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांकडून घेतलेल्या खेळाडूंच्या किमतीचे हप्ते, पूर्ण भागवावी लागतात. बाकीच्यांना पौंडामागे जे काही पेनी उरतील ते. त्यामुळे करोडपती सेंटर फॉरवर्डचे पैसे सुरक्षित राहतात आणि गावातला छापखानेवाला, केटररवाला, अँब्युलन्सवाला बुडतो. फुटबॉल स्वतःच्या माणसांची काळजी घेतं ती अशी.

बरी

मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा, एफए कप दोनदा जिंकलेला; १९०३ चा अंतिम सामना त्यांनी डर्बीविरुद्ध ६-० असा मारला होता. २०१८-१९ मध्ये त्यांनी लीग टूमधून बढती मिळवली, आणि त्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकत होते. आधीच्या मालकाने कर्जं काढून संघ बांधला होता. गिग लेन हे मैदान गहाण पडलं होतं, इतकंच काय, कार पार्कमधल्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना एकेक करून विकल्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये स्टीव्ह डेल यांनी क्लब घेतला तो एका पौंडाला. पैसे कुठून आणणार, हे त्यांना ईएफएलला शेवटपर्यंत पटवता आलं नाही.

२७ ऑगस्ट २०१९ ही अखेरची मुदत होती. त्या दिवशी सकाळी शेकडो गावकरी झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेनवर जमले. नवा खरेदीदार येतोय, शनिवारी सामना होईल, तर स्टँड तरी स्वच्छ हवेत, म्हणून खुर्च्या पुसत होते. खरेदीदाराने कागदपत्रं बघितली आणि माघार घेतली. रात्री ईएफएलने बरीला लीगमधून काढून टाकलं. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब संपला. (चाहत्यांनी तो पुढे पुन्हा उभा केला, २०२३ पासून बरी एफसी बऱ्याच खालच्या पायरीवर परत खेळू लागला.)

आता नियमाकडे बघा. खालच्या दोन लीगमध्ये खर्चाला मर्यादा नव्हती असं नाही. उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांच्या वर पगार नको, असा नियम तिथे होता: लीग वनला ६० टक्के, लीग टूला ५०. पण मालकाने देणगी म्हणून किंवा भागभांडवल म्हणून टाकलेला पैसाही त्यात उत्पन्न म्हणूनच धरला जायचा. मालक जोवर पैसे ओततोय तोवर क्लब कागदावर ठणठणीत. त्याने हात आखडता घेतला की दुसऱ्या महिन्यात पगार नाहीत. आजार तोट्याचा कमी आणि एकाच माणसावर अवलंबून राहण्याचा जास्त होता, आणि तो मोजायची पट्टी नियमात नव्हती.

२०२० मध्ये ईएफएलने सरळ रकमेचीच मर्यादा घातली. लीग वनमध्ये संघाच्या पगारासाठी वर्षाला २५ लाख पौंड, लीग टूमध्ये १५ लाख. खेळाडूंची संघटना लवादात गेली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ती मर्यादा रद्द झाली. पगाराला कमाल मर्यादा हा विषय इंग्लंडमध्ये भलताच नाजूक आहे. १९६१ पर्यंत कुठल्याही खेळाडूला आठवड्याला २० पौंडांच्या वर देता येत नसे. ती जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची धमकी देऊन मोडून काढली होती. संघटना ते विसरलेली नाही.

घसारा आणि घरची पोरं

आता वरच्या लीगचा नियम, म्हणजे ज्यात एव्हर्टन सापडलं तो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे (प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स), सगळे पीएसआर म्हणतात. २०१३ पासूनचा हा नियम सांगायला सोपा आहे. लागोपाठच्या तीन वर्षांचा तोटा १.५ कोटी पौंडांपर्यंत असेल तर कोणी विचारत नाही. त्यावर आणखी ९ कोटींपर्यंत चालेल, पण तेवढी रक्कम मालकाने कर्ज म्हणून नव्हे, तर भागभांडवल म्हणून, परत न मागण्याच्या बोलीवर घातली पाहिजे. दोन्ही मिळून १०.५ कोटी. मैदान बांधणं, युवा अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी कामं यांवरचा खर्च या तोट्यातून वजा होतो. चॅम्पियनशिपमध्ये हीच मर्यादा तीन वर्षांना ३.९ कोटी, म्हणजे वर्षाला १.३ कोटी.

खरी गंमत आहे ती खेळाडूची किंमत वहीत कशी लिहितात यात. समजा क्लबने १० कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत या वर्षी १० कोटी खर्च पडत नाही. यंत्रावर घसारा धरतात तसा दरवर्षी २ कोटी पडतो. विक्रीचं मात्र उलट. तीन वर्षांनी तोच खेळाडू ६ कोटींना विकला, तर वहीत त्याची उरलेली किंमत ४ कोटी, म्हणून २ कोटींचा नफा त्याच वर्षी, एकरकमी. १० ला घेऊन ६ ला विकलेला माल नफ्यात!

अमेरिकी गुंतवणूकदार टॉड बोली आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांनी २०२२ मध्ये चेल्सी घेतल्यावर हे गणित कुठवर ताणता येतं ते दाखवलं. मिखायलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेस यांना साडेआठ वर्षांचे करार दिले. वर्षं वाढली की दरवर्षीचा घसारा कमी. आधी युएफा ही युरोपियन फुटबॉलची संघटना आणि मग प्रीमियर लीग जागी झाली, आणि करार कितीही लांब असो, घसारा पाचच वर्षांत उतरवायचा असं ठरलं.

आणि घरच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला खेळाडू? तो विकत घेतलेला नसतो, त्यामुळे वहीत त्याची किंमत शून्य. विकला की आलेली सगळी रक्कम निव्वळ नफा. म्हणजे अडचणीतल्या क्लबने सगळ्यात आधी कोणाला विकावं, याचं उत्तर नियमच देतो: ज्याच्या नावाने गावातली पोरं जर्सी घालून फिरतात त्याला. अकादमीवरचा खर्च माफ करून आपण तरुणांना प्रोत्साहन देतो, असं लीग म्हणते. ते खरंही आहे. फक्त तरुण तयार झाला की त्याला बाजारात उभं करण्याचं प्रोत्साहनही त्याच नियमात आहे, हे सांगायचं राहून जातं.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचं प्रकरण यासाठी बारकाईने बघण्यासारखं आहे. त्यांनी २०२२ मध्ये बढती मिळवली आणि एका उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू आणले. तीनपैकी दोन वर्षं चॅम्पियनशिपमध्ये गेलेली, म्हणून त्यांची मर्यादा १.३ + १.३ + ३.५, अशी ६.१ कोटी होती. तोटा त्यावर ३.४५ कोटींनी गेला. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन होता, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, अकादमीतला, वहीत किंमत शून्य. त्याला विकून खड्डा भरायचं ठरलं होतं. जूनअखेरपर्यंत आलेल्या बोली कमी वाटल्या, म्हणून फॉरेस्टने वाट बघितली आणि १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमकडून ४.७५ कोटी घेतले. धंद्याच्या हिशेबाने शहाणपणाचा निर्णय. पण वर्षाचा हिशेब बंद झाला होता ३० जूनला. आयोगाने मार्च २०२४ मध्ये ४ गुण कापले. घाईत स्वस्तात विकलं असतं तर बरं, असा याचा अर्थ निघतो. क्लब सुदृढ ठेवण्यासाठी केलेल्या नियमाचा हा निकाल मला आजही विचित्र वाटतो.

पुढच्या वर्षी सगळे सावध झाले. आपल्या ऑफिसांमध्ये मार्च एंडला जी धावपळ असते, ती इंग्लिश फुटबॉलमध्ये २०२४ च्या जूनअखेरीला बघायला मिळाली. न्यूकॅसलने एलियट अँडरसन हा व्हिटली बेचा स्थानिक पोरगा फॉरेस्टला ३.५ कोटींना दिला आणि त्याच सुमारास फॉरेस्टचा गोलरक्षक ओडिसीयस व्लाखोदिमोस २ कोटींना घेतला. या गोलरक्षकाला पुढच्या हंगामात न्यूकॅसलकडून मोजून एक सामना मिळाला. अॅस्टन व्हिलाने ओमारी केलीमन चेल्सीला १.९ कोटींना विकला, तेव्हा तो वरिष्ठ संघाकडून जेमतेम खेळला होता. आणि चेल्सीचा इयान मात्सेन व्हिलाकडे ३.७५ कोटींना आला. व्हिला आणि एव्हर्टन यांच्यातही अशीच एका तरुणाची दुसऱ्याशी देवघेव झाली. आलेली रक्कम याच वर्षी नफ्यात आणि गेलेली रक्कम पाच वर्षांत घसाऱ्यात, त्यामुळे दोन्ही क्लबांच्या वह्या त्याच दिवशी सुधारतात. नियम यात कुठेही मोडला नाही. न्यूकॅसलकडे सौदी अरेबियाचा सार्वजनिक निधी मालक आहे, जगातल्या सर्वांत श्रीमंत मालकांपैकी एक. तरी त्यांना घरचा पोरगा विकावा लागला.

मैदान कोणाचं, हॉटेल कोणाचं

पळवाटांची यादी लांब आहे, दोन-तीनच सांगतो. डर्बी काउंटीचे मालक मेल मॉरिस यांनी २०१८ मध्ये क्लबचं प्राइड पार्क स्वतःच्याच कंपनीला ८.१ कोटी पौंडांना विकलं. वहीत त्याची किंमत ४.१ कोटी होती, उरलेला नफा. खेळ तिथेच, खुर्च्या त्याच, फक्त तोटा गायब. २०२१ मध्ये मॉरिस यांनी पैसे घालणं थांबवलं, प्रशासक आले, एकूण २१ गुण गेले आणि वेन रूनीच्या हाताखाली जिवापाड खेळूनही डर्बी खाली गेलं. शेफील्ड वेन्सडेनेही हिल्सबरो असंच मालकाला विकलं होतं. त्यांचं पुढे येतंच.

ईएफएलने हे दार बंद केलं, प्रीमियर लीगचं उघडंच राहिलं. चेल्सीने मैदानाशेजारची दोन हॉटेलं आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटींना विकली, आणि २०२४ च्या जूनअखेर महिला संघही मालक कंपनीकडे सुमारे २० कोटींना वर्ग केला. लीगच्या हिशेबात ते चाललं. युएफाने असा नफा धरला नाही आणि २०२५ मध्ये खर्चाचे नियम मोडल्याबद्दल चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड केला.

मँचेस्टर सिटीवर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले, ते क्लबने साफ नाकारले. तिथला वाद वेगळ्या जातीचा आहे. मालकाशी संबंधित कंपन्यांकडून प्रायोजकत्वाच्या नावाखाली आलेला पैसा खराच प्रायोजकत्वाचा होता का, हा त्यातला एक मोठा मुद्दा. उत्पन्नावर खर्चाची मर्यादा ठरणार असेल, तर उत्पन्न फुगवण्याचा मोह होणारच. म्हणून मालकाच्या गोतावळ्यातल्या कंपनीशी केलेला करार बाजारभावाने झालाय का, हे तपासायचे नियम आले, आणि त्या नियमांवरूनही सिटी आणि लीग लवादात भांडले. या सगळ्यात वकिलांचा हंगाम मात्र कधी संपत नाही.

पुण्याहून ब्लॅकबर्न

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद उद्योजकाने स्वतःचा पैसा ओतून, अॅलन शिअररला आणून तो विजेता केला. म्हणजे मालकाच्या जोरावर जिंकणं हे काही तेलवाल्या देशांनी आणलेलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये तो क्लब सुमारे २.३ कोटी पौंडांना आपल्या पुण्याच्या व्हीएच ग्रुपने, म्हणजे कोंबड्यांच्या धंद्यातल्या व्यंकीजने घेतला. महिनाभरात मॅनेजर सॅम अॅलरडाइस यांची हकालपट्टी झाली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध हरून गच्छंती पक्की झाली, त्या सामन्यात चिडलेल्या चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. खेळाडूंनी चिकन खातानाची जाहिरात त्याआधी येऊन गेलेली होती, त्यामुळे टोमणा कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतरचं मात्र इंग्लंडमध्येही लोक नीट सांगत नाहीत. मालकांनी सुरुवातीला घोळ घातले, पण पैसा थांबवला नाही. क्लबचा वर्षाचा तोटा २ कोटी पौंडांच्या आसपास जायचा आणि पुण्याहून तो भरला जायचा. २०१४ च्या डिसेंबरात तर जास्त तोट्याबद्दल ईएफएलने ब्लॅकबर्नला खेळाडू घ्यायला बंदी घातली होती. म्हणजे मालक पैसे द्यायला तयार आणि नियम म्हणतो, नको. मग २०२३ मध्ये उलटं झालं. भारतातल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायचे तर कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हार्टन, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून अकादमीत असलेला मिडफिल्डर, सुरुवातीच्या १.८ कोटींना क्रिस्टल पॅलेसला गेला. चार महिन्यांनी तो युरो चषकासाठीच्या इंग्लंडच्या संघात होता.

लँकेशायरमधल्या गिरणीगावातल्या क्लबचं अंदाजपत्रक दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखेवर लटकतं, हे पीएसआरच्या कुठल्याही रकान्यात दिसत नाही. रकान्यात फक्त तोटा दिसतो. तो कोण भरतोय, उद्या त्याला भरता येईल का, हा प्रश्न तिथे नसतोच.

शेफील्ड वेन्सडेत तेच झालं. थाई मालक डेजफॉन चान्सिरी यांनी २०१५ पासून भरपूर पैसा घातला, प्रीमियर लीग काही गाठता आली नाही. २०२३ मध्ये त्यांनी चाहत्यांनाच २० लाख पौंड उभे करायला सांगितलं. २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार वारंवार थकले, चाहत्यांनी बहिष्कार घातला, आणि २४ ऑक्टोबरला प्रशासक आले. १२ गुण गेले, डिसेंबरात आणखी ६. एवढे गुण जाऊनही चाहत्यांनी आनंद केला, बहिष्कार संपवला, क्लबच्या दुकानासमोर रांगा लावल्या.

८५ टक्के, पण कशाचे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी पीएसआर मोडीत काढायचं ठरवलं, १४ विरुद्ध ६ मतांनी. २०२६-२७ पासून तोट्याऐवजी संघावरचा खर्च मोजायचा. पगार, घसारा, एजंटांचं कमिशन मिळून उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसलं पाहिजे. थोडं वर गेलं तर दंड, फार वर गेलं तर गुण. उत्पन्न म्हणजे फुटबॉलशी संबंधित उत्पन्न, त्यामुळे हॉटेलं विकून भागणार नाही. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाची ७० टक्क्यांची मर्यादा आहेच. खेळाडूविक्रीचा नफा मात्र यातही धरला जातो, तेव्हा अकादमीतल्या पोरांवरचा डोळा काही हटणार नाही.

विरोधात मत देणाऱ्यांत बोर्नमथ, ब्रेंटफर्ड, ब्रायटन, पॅलेस, फुलहॅम आणि लीड्स होते. कारण उघड आहे. मँचेस्टर युनायटेडचं २०२४-२५ चं उत्पन्न ६६ कोटी पौंडांच्या वर, त्याचे ८५ टक्के झाले ५६ कोटी. ब्रेंटफर्डचं उत्पन्न १७ कोटींच्या आसपास, त्यांच्या वाट्याला साडेचौदा. दोघांनीही नियम पाळला तरी मोठा मोठाच राहणार. जुन्या नियमात निदान तोट्याची रक्कम सगळ्यांना सारखी होती. शेवटच्या क्लबला मिळणाऱ्या टीव्हीच्या पैशाच्या पाचपटीपेक्षा जास्त कोणीच खर्चू नये, असा दुसरा प्रस्तावही त्याच दिवशी मताला आला होता. तो ७ विरुद्ध १२ असा पडला.

पहिल्या प्रश्नावर, म्हणजे बुडणाऱ्या क्लबांवर, खरं काम संसदेने केलं आहे. २०२१ मध्ये सहा मोठ्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांच्या वेगळ्या बंदिस्त स्पर्धेचा, घाट घातला आणि तो दोन-तीन दिवसांत कोसळला. त्या संतापातून तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांची समिती आली आणि जुलै २०२५ मध्ये कायदा झाला. वरच्या पाच पायऱ्यांवरच्या ११६ क्लबांसाठी आता स्वतंत्र नियामक आहे. खेळायचं तर त्याचा परवाना लागेल. परवान्यासाठी पैसा कुठून येणार आणि मालकाने हात काढून घेतला तर क्लब कसा चालणार, हे दाखवावं लागेल. मालकाची पार्श्वभूमी आणि पैशाचा उगम तो तपासू शकतो. मैदान विकायचं तर त्याची परवानगी हवी, आणि क्लबच्या रंगांत किंवा बोधचिन्हात मोठा बदल करायचा तर चाहत्यांना विचारावं लागेल. बरीच्या वेळी हे असतं तर एका पौंडाच्या त्या सौद्यावर निदान कोणीतरी दोन प्रश्न विचारले असते.

उरतो तो वरच्या-खालच्या पैशाचा वाद. सहा वर्षांत सुमारे ९० कोटी पौंड खाली द्यायचा प्रस्ताव २०२४ च्या मार्चमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांमध्येच अडकला, कारण त्यांचं आपसात कोणी किती द्यायचं यावर जमेना. ईएफएलला टीव्हीच्या एकत्रित उत्पन्नाचा चौथा हिस्सा हवा आहे आणि पॅराशूट बंद व्हायला हवं आहे. दोघांचं जमलंच नाही तर त्यात हस्तक्षेप करायचा अधिकार कायद्याने नियामकाला दिला आहे. प्रीमियर लीगने या कायद्याला जो विरोध केला, त्यात सगळ्यात जास्त जोर याच कलमाविरुद्ध होता.